तो एक रोल सोडून

चि. ओंकार,

माळ्यावरच्या ट्रंकेत आप्पांचे जुने फिल्म रोल सापडले आणि तू ते सगळे या आठवड्यातच धुणार आहेस, असं वहिनी फोनवर कौतुकानं सांगत होती. माझ्या पोटात गोळाच आला. थांब. ज्या रोलची जीभ आत गेली आहे, त्याला हात लावू नकोस. तो काढलेला आहे. बाकीच्यांच्या जिभा बाहेर आहेत, म्हणजे ते कोरे.

आप्पा शंभर फुटी डबा आणून अंधारात स्वतः रोल भरत. म्हणून त्यांवर ना नाव, ना स्पीड. तेव्हा आपल्याकडे पूर्व जर्मनीची ओर्वो मिळे, उटीची इंदू मिळे. ओर्वोची एनपी २२ असेल तर १२५ एएसए, एनपी २७ असेल तर ४००. यातली कुठली, हे खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं. ते दार लावून बसत आणि मी ओसरीवर वाचत पडलेली असे. आत काय चाललंय, हे कधी विचारावंसं वाटलं नाही रे. आज फार वाटतं.

आता फिल्मकडूनच काढून घ्यायचं. कोऱ्या रोलची उजेड लागलेली जीभ सोडून आतला वीतभर तुकडा पूर्ण अंधारात काप. तांबडा दिवाही नको. पॅनक्रोमॅटिक फिल्मला तोही लागतो. कॅमेऱ्यात न घालता तो एचसी-११० डेव्हलपरमध्ये सहा मिनिटं धू, हायपो दे आणि मग उजेडात धर. पत्र्याखालच्या इतक्या उन्हाळ्यांनी किती फॉग चढलाय ते दिसेल. काठावर कारखान्याची अक्षरं उमटली, तर नावही कळेल.

मग एक कोरा रोल कॅमेऱ्यात घालून परसातली एकच सावली काढ. मीटर ४०० वर ठेवून सुरुवात कर आणि दर फ्रेमला निम्मा करत ६ पर्यंत ये. ज्या फ्रेमपासून सावलीतलं काही फॉगमधून वेगळं दिसू लागेल, तो आजचा स्पीड. दहा वर्षांना एक स्टॉप असा हिशेब लोक सांगतात, पण तो आपल्या माळ्याला लावू नकोस.

आणि हा स्पीड फक्त कोऱ्या रोलांच्या कामाचा. त्या एका रोलवर पडायचा तो प्रकाश आप्पांच्या हातून पडून गेला. तिथे आपल्याकडे फक्त डेव्हलपर उरतो, आणि तोही एकदाच. नळाचं पाणी सध्या कोमट येतं. बाटली बर्फाच्या पातेल्यात ठेवून २० अंशांवर आण. फॉग फार असेल तर बेंझोट्रायझोलचे थेंब घाल, पण ते पुसट चित्रही दाबतं, म्हणून आधी कोऱ्यावर बघ. त्या रोलवर प्रयोग नको, एवढंच पुन्हा सांगते.

रागावले, मनावर घेऊ नकोस. आम्ही भावंडं ती ट्रंक नुसती इकडून तिकडे सरकवत राहिलो, उघडलीस तू. रविवारी मी येतेय, थर्मामीटर आणि टाकी घेऊन. तोवर कोऱ्यांवर हवं तेवढं करून बघ. नाहीच राहवलं तुला, तर तो रोलही धुऊन टाक. मी एक शब्द बोलणार नाही. आत काही नसलं तरी मला लगेच फोन कर. एकटा वाईट वाटून घेत बसू नकोस.

तुझी आत्या