आईची अडचण, मुलाचं काम

पालकहो, आज एका आईच्या तांदळाची गोष्ट सांगते. विनोबा भावे यांची आई, रुक्मिणीबाई. देवाला लाख तांदूळ वाहायचे म्हणून त्या एकेक दाणा मोजत बसायच्या. वडील नरहरराव हिशेबी. ते म्हणाले, तोळाभर तांदूळ मोज आणि त्यावरून लाखाचं वजन काढ. रुक्मिणीबाईंना काय उत्तर द्यावं ते सुचेना. त्यांनी तो पेच विन्यापुढे, म्हणजे लहानग्या विनोबांपुढे, ठेवला. विन्या म्हणाला, हे गणित नाही, आई. दाण्यागणिक देवाची आठवण होते, ती वजनात कशी येणार? आईला ते पटलं.

मला यात मुलाच्या उत्तरापेक्षा आईचं विचारणं मोठं वाटतं. घरातल्या मोठ्यांमधला पेच तिने पोरासमोर निःसंकोच मांडला.

तिची भक्ती स्वयंपाकघरातही दिसे. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला जेवण मिळत नसे. शेजारीण आजारी पडली की तिच्या घरचा स्वयंपाकही हीच करायची, पण आधी आपल्या घरचा उरकून. विन्याने टोकलं, हा स्वार्थच ना? आई म्हणाली, त्यांचं आधी केलं तर त्यांना गार जेवावं लागेल. मुलाने प्रश्न विचारला म्हणून ती रागावली नाही, आणि उत्तर द्यायचंही टाळलं नाही.

पुढे तिने गीता समजून घ्यायचं मनावर घेतलं. संस्कृत येत नव्हतं, मुलाने आणून दिलेलं मराठी भाषांतरही अवघड गेलं. तेव्हा ती म्हणाली, मग तूच का करत नाहीस? १९१८ साली ती गेली. तिचा शब्द मात्र मुलाच्या मनात राहिला. १९३०-३१ मध्ये ‘गीताई’, म्हणजे त्याने केलेली मराठी गीता, लिहून झाली. ‘गीताई’ची पहिली आवृत्ती निघाली १९३२ साली, विनोबा आपल्या धुळ्याच्या तुरुंगात असताना.

त्याच तुरुंगात, त्याच वर्षी, विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत होते. समोर बसून ते उतरवून घेत होते साने गुरुजी, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे एकेकाळचे शिक्षक. त्यांचीही आई, यशोदाबाई, १९१७ सालीच गेलेली. धुळ्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांच्या हातून ‘श्यामची आई’ लिहून झाली. आणि विनोबा? १९४०च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिलं नाव निवडलं ते त्यांचंच.

देवभक्त आईची मुलं अशीच निपजतात, असं मी म्हणणार नाही. तसं सोपं गणित इथेही चालत नाही. पण आपण मुलांशी काय बोलतो ते आठवून बघा. अभ्यास झाला का, मार्क किती पडले, मोबाईल ठेव. सगळे प्रश्न आपले, उत्तरं त्यांची. मला हे जमत नाही रे, तू करून देशील का, असं आपण कधी म्हणतो?

श्रावणात कानबाईचा सण येईल. रोट होतील, आजी अहिराणी गाणी म्हणेल. त्यातली निम्मी आपल्याला येत नाहीत, हे मुलांपुढे कबूल करा. वही द्या आणि म्हणा, मला पाठ नाहीत, आजीजवळ बस आणि लिहून घे. एखादा शब्द अडला, तर तोही तिलाच विचारू द्या. आपण मध्ये पडू नये.