पडदा वरून उघडा ठेवा

खोपोलीच्या शिळफाट्यापासून कर्जत-नेरळपर्यंतच्या पट्ट्यात कोंबडीपालनाची खरी परीक्षा जून महिन्यात होते. गटारीला कोंबडीला भाव असतो, ब्रॉयलर साधारण 35 ते 42 दिवसांत विक्रीला येते, म्हणजे एक दिवसाची पिल्लं नेमकी पहिल्या पावसात शेडमध्ये उतरतात. घाटाच्या पायथ्याच्या या भागात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. अशा दिवसांत पिल्लं दगावली की खापर गारठ्यावर फुटतं. मग पुढच्या बॅचला पडदे आणखी घट्ट बांधले जातात, दोन बल्ब वाढतात, आणि मरतूक काही कमी होत नाही. अनुभवाअंती माझं मत असं झालं आहे की आपल्याकडे पावसाळ्यात गारठ्याने जितकी पिल्लं जातात, त्याहून जास्त गारठ्याच्या धास्तीने कोंडलेल्या हवेत आणि ओल्या तुसावर जातात.

ऊब लागते, यात वाद नाही. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात, आणि पहिले दहा-बारा दिवस त्याला स्वतःच्या अंगाचं तापमान टिकवता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. घोळ होतो तो आकडा मोजण्याच्या जागेवरून. हे 35 अंश ब्रूडरखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर हवेत. थर्मामीटर मात्र खांबाला, माणसाच्या डोळ्यांसमोर टांगलेला असतो, आणि तिथे आकडा यावा म्हणून अख्खी शेड तापवली जाते. यावर वाडीतली माणसं विचारतील, आमच्या खुडूक कोंबडीने कधी थर्मामीटर पाहिला? भर पावसात, कुडाच्या घरात ती आठ-दहा पिल्लं काढते आणि वाढवते. प्रश्न रास्त आहे, फक्त त्यातली किती जगतात हे कुणी मोजत नाही. पण ती करते काय, ते नीट पाहावं. ती घर तापवत नाही. तिच्या पंखाखाली ऊब असते आणि दोन वितींवर गार हवा. पिल्लू गारठलं की आत शिरतं, तापलं की बाहेर पडतं. ब्रूडरलाही एवढंच साधायचं असतं. बल्बची उंची फूट-दीड फूट, चिकगार्डचा घेर बल्बपासून दोन-अडीच फूट दूर, म्हणजे पिल्लाला हवी ती जागा निवडता येते. सगळी बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी आहे. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर जास्त. एकाच बाजूला गोळा झाली तर कुठून तरी वारा लागतोय. घेरभर सारखी पसरून दाणे टिपत असतील, तर थर्मामीटर काहीही सांगो. शंका असेल तर पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. थंड लागले तर तूस गार आहे, मग वरची हवा कितीही गरम असो.

आता हवेचं. इथे येणारा आक्षेप सगळ्यात चिवट आहे: बाहेर हवाच ओलीचिंब, ती आत घेऊन शेड कोरडी कशी राहील? पण गरम हवेत जास्त पाणी मावतं. बाहेरची 26 अंशांची, ओलाव्याने पूर्ण भरलेली पावसाळी हवा आत येऊन 32 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 70 टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे तीच हवा आता शेडमधलं पाणी उचलू शकते, मात्र उचलून तिला बाहेर पडायला वाट हवी. पडदे बंद असतील तर पिल्लांचा श्वास, विष्ठा, सांडलेलं पाणी सगळं आतच फिरत राहतं. गॅसचा ब्रूडर असेल तर एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, हे कुणी लक्षातच घेत नाही. कोळशाच्या शेगडीची गोष्ट आणखी वाईट. बंद शेडमध्ये तिचा कार्बन मोनॉक्साइड पिल्लांना मारतो आणि राखणीला झोपलेल्या माणसालाही सोडत नाही. म्हणून पडदा खाली पक्का बांधावा, खालून वर ओढावा, आणि वरची फूटभर फट रात्रीही उघडी ठेवावी. गार वारा पिल्लांच्या डोक्यावरून जातो, अंगावर येत नाही. नैर्ऋत्येच्या बाजूची वळचण मात्र तीन-चार फूट पुढे काढलेली हवी, नाहीतर झड आत येते आणि मग पडदा बंद करण्यावाचून इलाज उरत नाही.

तुसाच्या बाबतीत आपण नशीबवान. भाताचा मुलूख, गिरण्या जवळ, तूस स्वस्त. त्याच स्वस्ताईपोटी उघड्यावर भिजलेलं पोतंही पसरलं जातं. बुरशी आलेल्या तुसाने पिल्लांच्या फुप्फुसात बुरशीचा आजार होतो, त्यावर भरवशाचं औषध नाही. कोरड्या तुसाची दोन-तीन इंचांची गादी, पहिले दोन-तीन दिवस वर कागद, आणि पाण्याच्या भांड्याखाली वीट किंवा फळी. भांड्याभोवती तूस भिजलं की उबदार ओलाव्यात कॉक्सी या परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात. मुठीत दाबलेल्या तुसाचा गोळा झाला तर तेवढा भाग उचलून टाकावा, रोज. अमोनियाचा अंदाज उभ्याने येत नाही. उकिडवं बसावं, कारण पिल्लाचं नाक जमिनीपासून दोन-तीन इंचांवर असतं. डोळे चुरचुरले तर उशीर झालेला आहे.

वीज जाते, मग काय करायचं, हाही आक्षेप खरा. खोपोलीत 1915 पासून टाटांचं वीजकेंद्र आहे, तरी झाड तारेवर पडलं की आजूबाजूच्या वाड्यांत अंधारच. एका मोठ्या बल्बपेक्षा दोन-तीन लहान बल्ब बरे, एक उडाला तरी घेर गार पडत नाही. पिल्लामागे दोन वॉट हा ढोबळ हिशेब. जुने पिवळे बल्ब हल्ली दुकानात सहज मिळत नाहीत, त्यामुळे आधी साठवून ठेवावेत. एलईडी लावून उजेड मिळेल, ऊब नाही. वीज गेली तर घेर लहान करून वर गोणपाट टाकावं, मधे भोक ठेवून. उकळत्या पाण्याचे डबे फडक्यात गुंडाळून आत ठेवले की काही तास निभावतात.

इतकं करूनही ज्यांचं छप्पर गळतं, त्यांनी जूनची बॅच टाकूच नये असं मी म्हणेन. गावठी किंवा कावेरीसारखी जात तयार व्हायला तीनेक महिने घेते. तिची पिल्लं मेच्या आरंभी आणली तर ब्रूडिंग कोरड्या हवेत होतं, विजेचा खर्च कमी येतो, आणि पहिली सर येते तेव्हा अंगावर पिसं आलेली असतात. मेच्या दुपारी उलटी काळजी घ्यावी लागते, बल्ब बंद आणि पाणी गार. अधिक महिन्यामुळे गटारी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कुठेही येऊ शकते, तेव्हा हॅचरीला फोन करण्याआधी कॅलेंडर उघडावं.