मध्यस्थीला पैसे किती लागतात?

वाटणीचा दावा वर्षानुवर्षं चालतो, तेव्हा घर पोखरतं ते तारखांमुळे. दर तारखेला वकिलाचे पैसे, एसटीचं भाडं, बुडालेला रोज. म्हणून न्यायाधीशांनी ‘मध्यस्थीला जाता का?’ असं विचारलं, तर हो म्हणा. दावा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्राकडे गेला, की पक्षकारांना मध्यस्थाची फी भरावी लागत नाही. त्याचं मानधन विधी सेवा प्राधिकरण देतं.

मध्यस्थ म्हणजे लवाद नव्हे. त्याला निकाल देता येत नाही. तो दोघांना समोरासमोर बसवतो, मग एकेकाशी वेगळं बोलतो. जमलं नाही, तर तिथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. दावा होता तिथून पुढे चालू होतो.

व्यापाऱ्यांचं गणित वेगळं. वाद ३ लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं. अर्जाचे १,००० रुपये. मध्यस्थीची फी १० लाखांपर्यंतच्या वादाला १५,०००, ५० लाखांपर्यंत ३०,०००, ३ कोटींच्या वर ७५,०००. ती दोघांनी निम्मी-निम्मी भरायची.

हात आखडू नका तो तडजोडीचा मसुदा वकिलाकडून तपासून घेताना. ‘धाकटा भाऊ योग्य ती रक्कम देईल’ एवढंच लिहिलंत, तर पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागेल. किती, कोणत्या तारखेला, उशीर झाला तर व्याज काय, ताबा कधी, सातबाऱ्यावरची नोंद कोण करून घेणार, हे सगळं कागदावर यायला हवं. घर-जमिनीचा हक्क बदलत असेल, तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कोणाचा, तेही. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील करता येत नाही, म्हणून घाईने सही करू नका. कोर्ट फीच्या परताव्याचंही वकिलाला त्याच दिवशी विचारा. पुष्कळजण ती मागायचं विसरतात.

वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.