कमान पडत का नाही?



जुन्या दारावर, किल्ल्यात, पुलाखाली कमान आपण सगळेच पाहतो. पण सुटे सुटे दगड डोक्यावर कसे टिकतात? गुरुजींनी वर्गात सांगितले ते आणि माझ्या अण्णांनी घरी समजावले ते मी येथे लिहिते. अण्णा गवंडीकाम करतात.

दाराच्या दोन बाजूंवर एक लांब दगड आडवा टाकला की दार तयार होते. पण दार रुंद असेल तर? दगडाचा स्वभाव असा, की दाबले तर तो खूप सोसतो. ताणले की तुटतो. आडव्या दगडावर वजन आले की त्याची खालची बाजू ताणली जाते. तेथे चीर पडते आणि दगड मोडतो. म्हणूनच जुन्या दगडी देवळांत खांब जवळजवळ असतात.

कमानीतले दगड पाचरीसारखे असतात. वर रुंद, खाली निमुळते. वरून वजन आले की प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो. असे करत करत सगळे वजन दोन्ही पायांतून जमिनीत जाते. बांधताना खाली लाकडाचा साचा लावतात. अण्णा त्याला सेंटरिंग म्हणतात. दोन्हीकडून दगड रचत आणायचे आणि शेवटी मधोमध कळीचा दगड बसवायचा. मग साचा काढला तरी कमान उभी!

करून पाहा: दोघे समोरासमोर उभे राहा. तळव्याला तळवा लावा, पाय थोडे मागे घ्या आणि पुढे झुका. झाली कमान! आता पाय मागे घसरू लागतील. कमानीचे पायही असेच बाहेर पसरू पाहतात. म्हणून तिच्या बाजूच्या भिंती जाड बांधतात.

कमान रोमन लोकांच्या आधीही होती. पण तिचा मोठा उपयोग त्यांनी केला. रोम शहरातले कलोसियम इ. स. ८० मध्ये खुले झाले. त्याच्या तळमजल्यावर बाहेरून ८० कमानी होत्या. फ्रान्समध्ये नीम शहराला पाणी नेण्यासाठी त्यांनी तीन मजली कमानींचा पूल बांधला. त्याची उंची सुमारे ४९ मीटर आहे. तो अजून उभा आहे.

त्याच काळाच्या आसपास आपल्याकडे काय चालले होते? बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांतले ३ नंबरचे चैत्यगृह इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. त्याचे छत आतून कमानीसारखे गोल आहे. पण ती खरी कमान नव्हे! ते डोंगराच्या अख्ख्या खडकातच कोरून काढले. तेथे सुटा दगड नाही, कळीचा दगडही नाही. रोमन कारागिराने दगड जोडले, आपल्या कारागिराने नको तेवढा दगड काढून टाकला. दोघांचीही कमाल!

खरी कमान पाहायची तर लोकलने वसईला जा. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तेथला किल्ला जिंकला. किल्ल्यातल्या चर्चची छपरे केव्हाच गेली, पण कितीतरी कमानी अजून उभ्या आहेत.

मात्र एक लक्षात ठेवा. कमानीच्या सांध्यात वड-पिंपळाचे रोप रुजले की मुळे दगड सरकवतात. एक दगड निसटला की शेजारच्याचा आधार जातो. म्हणून सहलीला गेल्यावर कमानीवर चढू नका, दगड उपटू नका, नावे कोरू नका. अण्णा म्हणतात, “बांधायला वर्षं लागतात, पाडायला एक दगड पुरे.”

सांगा पाहू:
१) दगड कशाने तुटतो, दाबाने की ताणाने?
२) कमानीत सर्वांत शेवटी कोणता दगड बसवतात?
३) कान्हेरीचे गोल छत खरी कमान का नाही?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी