तू डावा की उजवा?

प्रश्न : लंडनला येऊन चार वर्षं झाली. भारतीय पासपोर्टावरही इथं मत देता येतं, म्हणून दिलं. आता ऑफिसात विचारतात, तू डावा की उजवा? काय सांगू?

उत्तर : एका शब्दात सांगायच्या फंदात पडू नका, विचार कुठून आले ते सांगा. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथल्याच किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. तरी १९५४ साली आकाशवाणीवर त्यांनी स्पष्ट केलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली. तुमचं मूळ कदाचित आजोबांच्या विकास सोसायटीच्या पासबुकात सापडेल, किंवा एनएचएसमध्ये बिलाविना पार पडलेल्या बाळंतपणात (व्हिसासोबत सरचार्ज भरलात, ते सोडा). मत कुणाला दिलंत, ते मात्र सांगायलाच हवं असं नाही.