देवाचा दरबार

औंढा नागनाथ येथे नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले, अशी आख्यायिका आहे. देव दाराबाहेरच्या भक्ताकडेही वळतो, हा तिचा भाव आम्ही समजतो. ख्रिस्तावर प्रीति आहे, परंतु बाप्तिस्मा घेतल्यास आप्त व जात अंतरतील, अशांनी जावे कोठे? हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांस जाचत होता. मिशनची नोकरी सोडून त्यांनी १९१७ साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनी तेथे बंधुत्वाने नांदावे, हा हेतु. १९१९ साली टिळक निवर्तले. पुढे दरबार फार काळ टिकला नाही, पण प्रश्न उरलाच. विद्यार्थ्यांनो, आपल्या मंडळीचे दार कोणाकडे उघडते, हे आपणांस तपासणे प्राप्त आहे.