पहिलं भिंग कुठून आणायचं?

कॅमेऱ्याचं भिंग आज संगणकावर घडतं. वक्रता, जाडी, अंतरं थोडीथोडी बदलत सॉफ्टवेअर प्रतिमेतले दोष कमी करत जातं. पण सुरुवातीची रचना त्याला आपणच द्यावी लागते आणि खरी गोम तिथेच आहे. धुक्यात डोंगर उतरणारा माणूस पायाखालचा उतार बघून चालतो, जवळच्या घळीत पोचला की थांबतो. पलीकडे याहून खोल दरी आहे हे त्याला दिसतच नाही. सॉफ्टवेअरचंही बहुतेक वेळा असंच होतं. चुकीच्या जागी सोडलं तर रात्रभर आकडेमोड करूनही ते त्याच घळीत बसून राहतं.

म्हणून आधी दोन गोष्टी ठरवायच्या: प्रकाश किती हवा, म्हणजे एफ-नंबर, आणि दृश्य किती रुंद हवं. दुर्बिणीला अरुंद दृश्य पुरतं, तिथे दोन भिंगांची जोडी चालते. एफ/2 हवं तर डबल गाऊस बघा. पण एफ/4 आणि अक्षाच्या दोन्ही बाजूंना वीसेक अंश एवढीच गरज असेल तर माझं मत कुक ट्रिपलेटला.

हॅरोल्ड डेनिस टेलर यांनी 1893 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बाहेर दोन बहिर्वक्र भिंगं, मध्ये एक अंतर्वक्र. मजा हिशेबात आहे. तीन भिंगांच्या सहा वक्रता आणि मधल्या दोन फटी, अशा आठ गोष्टी आपल्या हातात. सांभाळायच्याही आठच: पाच एकरंगी दोष, रंगांचे दोन आणि नाभीय अंतर. मात्रा मोजून ओळ बसवावी तसं! (टेलर यांच्या यॉर्कच्या कुक कंपनीने ही भिंगं बनवलीच नाहीत. बनवली लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सनने. नाव मात्र कुकचं राहिलं.)

समजा, जुन्या पेटंटमध्ये 100 मिमीचं एफ/4 ट्रिपलेट सापडलं आणि आपल्याला 50 मिमी हवंय. सगळ्या त्रिज्या, जाड्या, फटी, व्यास निम्मे करायचे. एफ-नंबर आणि कोन तेच राहतात, दोषांमुळे पसरलेला ठिपका निम्मा होतो. पण प्रतिमाही निम्मी होते, हे विसरून खूश होऊ नये. ती काच आता मिळत नसेल तर तिच्या जवळची घेऊन आठही गोष्टी परत जुळवायच्या.

एफ/2.8 हवं असेल तर छिद्र एकदम उघडायचं नाही. आधी 3.5, मग 2.8, आणि दर पायरीला सॉफ्टवेअर चालवायचं. तरीही दोष हटत नसतील तर ट्रिपलेटचा मोह सोडावा आणि टेसार घ्यावं. दिसायला ते ट्रिपलेटसारखंच, फक्त मागचं भिंग दोन तुकडे चिकटवून केलेलं.